गोळी लागली तर आधी रक्त थांबवा, केसचं नंतर बघू

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भात पोटरीला आलं की खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात गावंच्या गावं रात्र जागून काढतात. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत, इकडे नेरसे, हेम्माडगा आणि भीमगडच्या रानाच्या कडेने कुठेही जा, शेतात माळे दिसतील आणि माळ्यावर घोंगडी पांघरून बसलेला कोणीतरी दिसेल. डुकरांचा एक कळप रात्रीत शेताची माती करून जातो. गवे उतरले तर उरलंसुरलं पायाखाली जातं. बॅटरी, डबे, फटाके एवढ्यावर भागत नाही तेव्हा काही घरांतून ठासणीची बंदूक बाहेर निघते. कोणाकडे आजोबांच्या वेळेपासूनचा पीक संरक्षणाचा परवाना असतो, कोणाकडे कसलाच कागद नसतो. आणि राखणीला म्हणून निघालेले चौघे पुढे रानात पारधीलाही जातात, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

पारधीची बाजू घ्यायला मी हे पत्र लिहीत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा मला आनंदच झाला होता. पण बंदी असूनही बार उडतात, आणि उडालेला बार कधीतरी माणसाला लागतो. त्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल मला लिहायचं आहे. आमच्या भागात ही मिनिटं ‘आता काय सांगायचं’ हे ठरवण्यात जातात आणि तेवढ्यात माणूस जातो.

मी सैन्यात आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. लखनौला ट्रेनिंग झालं, पुढची बरीच नोकरी पायदळाच्या पलटणींबरोबर गेली, त्यातला मोठा काळ काश्मीरमध्ये. निवृत्त होऊन गावी आलो, आता शेती करतो. गावात कोणाला विळा लागला, कोणाला विंचू चावला तर लोक आधी माझ्या दारात येतात. त्यामुळे जे लिहितोय ते हाताखालून गेलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी सुगीच्या दिवसांत पहाटे एक टेम्पो माझ्या अंगणात येऊन थांबला. मागे ताडपत्रीवर तिशीतला एक गडी आडवा. जांघेपासून चार बोटं खाली, मांडीच्या आतल्या बाजूला जखम. वरून हातरुमाल सैलसर बांधलेला आणि रुमालाखाली चिमटीचिमटीने तंबाखू भरलेली. मनगटाला नाडी लागत नव्हती. हात बर्फासारखे. ताडपत्रीच्या सुरकुत्यांत रक्त साठून गोठलं होतं. मी विचारलं, कधी लागली? कोणी बोलेना. मग त्यातला धाकटा रडत म्हणाला, “अकराच्या सुमारास, मामा.” गडगा ओलांडताना मागच्याचा पाय घसरला होता, बंदुकीचा घोडा चढवलेलाच होता. अकरापासून पहाटेपर्यंत काय केलंत म्हणून विचारलं तर हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी बंदूक लपवली. मग त्याला खाली आणला. मग ‘गव्यानं शिंग मारलं’ असं सांगायचं ठरलं. मग कोणाच्या तरी भावाला उठवायला एक जण गेला. टेम्पोवाला यायला तयार नव्हता, त्याला पैसे कबूल करण्यात आणखी वेळ गेला. “केस होईल की ओ मामा,” एवढंच तो पोरगा परत परत म्हणत होता.

मी दाबून धरलं, पट्टा आवळला, टेम्पोत बसूनच खानापूरची वाट धरली. खानापूर यायच्या आत तो गेला.

ती तिघं पोरं वाईट नव्हती. मित्राला टाकून पळाली नाहीत, त्याला पाठीवर घेऊन रानातून उतरली. पण जखमेवर जोर देऊन हात ठेवायचा असतो हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. शाळेत नाही, मंडळात नाही, परवाना देणाऱ्यानेही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. संपादक महोदयांनी जागा द्यावी ही विनंती.

धडधाकट माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटरच्या आसपास गेलं की जीव टांगणीला लागतो. मांडीतली मोठी धमनी पूर्ण तुटली तर त्याला पाच मिनिटंही पुरतात. एवढ्या वेळात १०८ ची गाडी बेळगाव शहरातसुद्धा दारात येत नाही, मग कणकुंबीच्या वरच्या शेतात कुठून येणार? खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, कणकुंबीहून चाळीसेक, आणि डांबरीपर्यंत यायची पायवाट वेगळीच. पावसाळ्यात आमगावसारख्या गावातून आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून आलेल्या आहेत. म्हणजे ज्याच्यासमोर बार लागला तोच त्या घटकेचा डॉक्टर. दुसरा कोणी नाही.

सगळ्यात आधी बंदूक. जी उडाली ती, आणि बरोबर दुसरी असेल तर तीही, घोडा उतरवून, केप (घोड्याखालची, बार पेटवणारी टोपी) काढून, नळी माणसांपासून दुसरीकडे करून बाजूला ठेवा. घाबरलेल्या माणसाच्या हातातली भरलेली बंदूक दुसरा बळी घेते. मग ओरडू नका, धावाधाव करू नका, जखमीला खाली झोपवा आणि बॅटरीच्या उजेडात त्याचे कपडे फाडा. संकोच करू नका. छर्रे जवळून लागले तर एकच मोठं भोक पडतं, लांबून लागले तर अंगभर पसरतात. मांडीला लागलं म्हणून सगळे मांडीकडे बघत बसतात आणि काखेत, पाठीत, जांघेत लागलेला छर्रा राहून जातो. म्हणून कुशीवर वळवून पाठही बघायची. हात फिरवत जायचं आणि दर थोड्या वेळाने आपलाच हात उजेडात धरून बघायचं, रक्ताने ओला झालाय का.

रक्त उसळ्या मारून येत असेल किंवा धार लागून थांबत नसेल तर तोच पहिला शत्रू. तिथे लगेच दाबायचं. दाबायचं म्हणजे वरवर फडकं धरायचं नाही. दोन्ही तळहात एकावर एक, कोपर ताठ, अंगाचा सगळा भार जखमेवर. मांडी असेल तर सरळ गुडघा टेकवून वर बसा. तो ओरडेल, शिव्या देईल, देऊ दे. फडकं रक्ताने भिजलं तर ते काढू नका, त्याच्यावर दुसरं ठेवा आणि दाबत राहा. आणि दर मिनिटाला उचलून ‘थांबलं काय’ म्हणून बघू नका. रक्ताची धरलेली गाठ त्याने सुटते.

जखम खोल असेल तर नुसतं वरून दाबून आतली धार थांबत नाही. तेव्हा जखम भरावी लागते. जुन्या सुती लुगड्याची, धोतराची किंवा टॉवेलची लांब पट्टी फाडा. बोटाने पट्टीचं टोक जखमेच्या तळापर्यंत न्या, रक्त जिथून येतंय असं बोटाला जाणवतं तिथे, आणि मग पट्टी थोडी थोडी आत कोंबत जा, एक बोट आत असतानाच दुसऱ्या बोटाने पुढची ढकलायची. आत जागा उरत नाही तोवर भरायचं आणि वरून पुन्हा पूर्ण भार द्यायचा. गोधडीत कापूस भरतात तसं सैल भरून उपयोग नाही, गच्च बसलं पाहिजे. जांघ, काख, खांदा या जागी पट्टा आवळता येत नाही, तिथे हाच एक उपाय आहे. छाती आणि पोट मात्र कधीही असं भरायचं नाही.

हात किंवा पाय असेल आणि रक्त जोरात जात असेल तर पट्टा आवळा, इंग्रजीत ज्याला टूर्निकेट म्हणतात तो. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा खोलात सांगतो. सुतळी, तार, बुटाची नाडी, मोटारसायकलचा केबल, असलं काही नको. ते कातडीत रुततं, शिरा-नसा कापतं आणि मोठी धमनी तशीच वाहत राहते. कापड किमान तीन बोटं रुंद हवं. पटका, ओढणी, टॉवेल चालेल. जखमेच्या वर चार बोटांवर, गुडघा किंवा कोपराच्या सांध्यावर नाही, दोन वेढे घेऊन गाठ मारा. गाठीवर वीतभर लांबीची मजबूत काठी ठेवा, काठीवर आणखी एक गाठ मारा आणि काठी पिळत जा. पहिल्या पिळाला काही होत नाही. रक्त थांबेपर्यंत पिळायचं. जखमी कळवळतो, त्याला सांगायचं, दुखणारच, सोडणार नाही. मग काठी सुटू नये म्हणून दुसऱ्या फडक्याने बांधून टाका.

अर्धवट आवळलेला पट्टा न बांधलेल्यापेक्षा वाईट असतो. सैल पट्ट्याने वर परत जाणाऱ्या शिरा दबतात, आत येणारी धमनी चालूच राहते, आणि रक्त उलट जास्त जातं. त्या पोराच्या मांडीवरचा हातरुमाल असाच होता. एका पट्ट्याने थांबलं नाही तर त्याच्या वर दुसरा बांधा. आणि एकदा बांधलेला पट्टा डॉक्टरच सोडेल. ‘पाय काळा पडेल, जरा सैल कर’ म्हणणारा एक जाणकार प्रत्येक गावात असतो, त्याचं ऐकू नका. दोन तासांपर्यंत साधारणपणे पायाला धोका नसतो. बांधल्याची वेळ त्याच्या कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहा, पेन नसेल तर कोळशाने लिहा.

पूर्वी आम्हालाही पट्टा म्हणजे शेवटचा उपाय असंच शिकवलं जायचं. इराक आणि अफगाणिस्तानातल्या लढायांनी ते बदललं. बगदादच्या अमेरिकन लष्करी रुग्णालयातला २००९ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. जखमी शॉकमध्ये जाऊन गार पडायच्या आधी पट्टा बांधला होता त्यांच्यातले ९० टक्के जगले, गार पडल्यावर बांधला त्यांच्यातले १० टक्के. पट्ट्यामुळे पाय गमवावा लागला असं एकालाही झालं नाही. त्याच अनुभवावरून अमेरिकेत २०१५ पासून सामान्य लोकांना रक्त थांबवायला शिकवायची मोहीम सुरू झाली. तिथे शाळेतले शिक्षक, ड्रायव्हर हे शिकतात. आपल्या भागातल्या पोरांना बंदूक ठासायला येते, पट्टा बांधायला येत नाही.

छातीला लागलं आणि श्वासाबरोबर जखमेतून हवेचा आवाज येत असेल तर ती जखम हवाबंद करू नका. प्लास्टिक चिकटवून घट्ट बंद केली तर आत हवा कोंडते आणि फुप्फुस दबतं. जखम उघडी ठेवलेली चालते. रक्त येत असेल तर साधं कोरडं फडकं धरा, भिजून चिकटायला लागलं की बदला. त्याला ज्या बाजूने श्वास घ्यायला बरं वाटतं तसं बसू द्या, जबरदस्तीने आडवं करू नका. पोटाला लागून आतडी बाहेर आली तर ती आत ढकलायची नाहीत. स्वच्छ फडकं पिण्याच्या पाण्याने ओलं करून वर झाका. डोळ्यात छर्रा गेला तर डोळा चोळू नका, दाबू नका, चहाचा कागदी कप उपडा ठेवून वरून पट्टी बांधा. आणि नळी फुटून बोट तुटलं, जे जुन्या ठासणीच्या बंदुकीत होतं, तर हातावर पट्टी दाबून बांधाच, पण ते बोटही शोधा. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका.

छर्रा, शिसं, गोळी कोरून काढायला जाऊ नका. चाकू गरम करून वगैरे तर मुळीच नाही. आतला छर्रा आत असताना निम्म्या वेळा काही बिघडवत नाही, तो काढायला गेलेला चाकू बिघडवतो. हळद, तंबाखू, चहापूड, चुना, चुलीतली राख यातलं काहीही जखमेत घालू नका. याने रक्त थांबत नाही आणि डॉक्टरला जखम धुताना जास्त वेळ लागतो. पाणी मागेल, कितीही मागितलं तरी देऊ नका, ओठ ओले करा. त्याला भूल द्यावी लागली तर पोटातलं श्वासनळीत जातं. दारूचा घोट तर नकोच. आणि त्याला पांघरा, खालून पण. डिसेंबरात आमच्याकडे रात्री रान कसं गारठतं हे मी सांगायला नको. अंग गार पडलं की रक्त गोठायचं थांबतं, मग पट्टी कितीही चांगली असली तरी पाझरत राहतं. शर्ट ओला असेल तर काढा, घोंगडी खाली अंथरा, एक वर घाला. बेशुद्ध झाला आणि श्वास चालू असेल तर कुशीवर करा, तोंड जरा खाली, उलटी झाली तर बाहेर जाईल.

हे चालू असताना दुसऱ्याने फोनची रेंज मिळेल त्या टेकाडावर जायचं. आमच्या प्रत्येक गावात पोरांना ठाऊक असतं कुठल्या खडकावर दोन दांड्या येतात. १०८ किंवा ११२ लावा आणि गाडी डांबरीवर कुठे येऊन थांबेल ते ठरवून घ्या. गाडी रानात येईल म्हणून वाट बघत बसू नका. दोन बांबू आणि एक घोंगडी घेऊन डोली करा आणि चालायला लागा. चौघांनी उचलायचं, पाचव्याचा हात जखमेवर. तो हात शेवटपर्यंत उठता कामा नये. कणकुंबी, चोर्ल्याकडच्या लोकांना गोव्याचा दवाखाना जवळ पडत असेल तर गोव्याला जा. चंदगडच्या बाजूचे चंदगडला जा. रक्ताला सीमा कुठली, आणि त्या वेळी राज्याचा विचार करत बसणं मला बरोबर वाटत नाही.

आता केसचं. या भीतीनेच माणसं मरतात म्हणून स्पष्ट लिहितो. गोळीची जखम आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, तो त्याचा नियम आहे. पण पोलीस येईपर्यंत उपचार थांबवून ठेवायचा त्याला अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की जीव वाचवणं हे पहिलं काम, बाकीचे सोपस्कार नंतर, मग डॉक्टर सरकारी असो की खासगी. कर्नाटकातला खासगी दवाखान्यांचा २००७ चा कायदाही अशा जखमींवर आधी प्राथमिक उपचार करायला सांगतो. त्यामुळे ‘आधी पोलीस स्टेशनचा कागद आणा’ असं कोणी म्हटलं तर शांतपणे, पण ठामपणे उभं राहा.

ज्याच्या हातून बार उडाला त्याने हेही ध्यानात घ्यावं. नव्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने कोणाला गंभीर इजा केली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तोच माणूस मेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. पुरावा लपवला तर आणखी वेगळं कलम. बिनपरवाना बंदूक आणि शिकार यांचे गुन्हे आहेतच, गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला आहे, त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं. ते टळणार नाहीत, टळूही नयेत. पण जखमी जगला तर तो स्वतः सांगेल की चुकून लागलं. मेलेला मित्र तुमच्या बाजूने साक्ष द्यायला येत नाही. कायद्याच्या हिशोबानेही त्याला वाचवण्यातच तुमचं भलं आहे. माणुसकीचं तर वेगळं सांगायलाच नको.

आणि डॉक्टरशी खोटं बोलू नका. ‘शिंग लागलं’ हे आमच्याकडचं ठरलेलं उत्तर. असाच एक जण खांद्याला शिंग लागलं म्हणून नेला होता. बिचारा डॉक्टर शिंगाची जखम म्हणून खांदा धूत बसला, नंतर फोटो काढला तर छातीत छर्रे. तो वाचला, पण दोन तास फुकट गेले. एक्स-रेत शिसं लख्ख दिसतं, ते लपत नाही. डॉक्टरला सरळ सांगा: ठासणीची की काडतुसाची, किती अंतरावरून, किती वाजता, पट्टा किती वाजता आवळला. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधी घेतलंय तेही सांगा.

आता ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांच्यापुढे काही मागण्या.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं औषध आहे. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांना त्याच्या गोळ्या देतात, म्हणून आपल्या नर्स-सिस्टरना ते नावाने माहीत आहे. हेच औषध शिरेतून दिलं तर मार लागून होणाऱ्या रक्तस्रावात माणसं वाचतात, हे ४० देशांतल्या वीस हजारांवर जखमींच्या अभ्यासातून २०१० मध्ये सिद्ध झालं. मात्र ते तीन तासांच्या आत द्यावं लागतं, पहिल्या तासात दिलं तर सगळ्यात चांगलं. पुढच्या वर्षी ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आलं. महागडं नाही. बेळगावला पोचेपर्यंत तीन तास सहज जातात, म्हणून रानाच्या कडेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतच ते चोवीस तास असायला हवं, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ते स्वतः सुरू करता यावं असा लेखी आदेश हवा. ही मागणी नुसत्या बंदुकीसाठी नाही. ऊसतोडीत कोयता लागतो, चोर्ला घाटात ट्रक उलटतात, बाळंतपणात बाई जाते. औषध तेच.

आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीतली प्रथमोपचाराची पेटी मी उघडून बघितली होती. कापूस, मुदत संपलेलं आयोडीन आणि एक कात्री, तीही गंजलेली. कापूस मोठ्या जखमेत कामाचा नसतो, तंतू आत चिकटून राहतात. पेटीत गॉजचे मोठे गुंडाळे, लवचिक दाबपट्ट्या, दोन तयार टूर्निकेट, हातमोजे, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री आणि जाड मार्कर पेन असावा. प्रत्येक पंचायतीत एक, वनखात्याच्या प्रत्येक रानातल्या चौकीत एक. वनरक्षक आणि वॉचर लोकांना तर हे शिकवायलाच हवं, अस्वल आणि गवा आधी त्यांच्यावर येतो.

परवान्याबद्दल एक सूचना. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायच्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, तिच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. २०१६ च्या नियमांत शस्त्र हाताळायचं सुरक्षा प्रशिक्षणही आलं. त्या प्रशिक्षणात अर्धा दिवस रक्त थांबवण्याचा घालावा, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना पट्टा बांधून दाखवल्याशिवाय सही होऊ नये. निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका स्टेशनात जमा होतातच. त्या दिवशी सगळे परवानेवाले आयते एका ठिकाणी असतात, तिथेच एक तास शिकवता येईल. भरलेली बंदूक घेऊन चालायचं नाही, गडगा किंवा ओढा ओलांडताना केप काढून बंदूक आधी पलीकडे ठेवायची आणि मग आपण जायचं, झुडपात हललं म्हणून बार टाकायचा नाही, एवढं त्यातच सांगून व्हावं.

शेवटचं, भाषेचं. माझा कन्नडला विरोध नाही, नोकरीत सगळ्या भाषांच्या जवानांबरोबर राहिलो. पण रात्री दोन वाजता घाबरलेली आई तिच्या भाषेतच बोलणार. १०८ वर पश्चिम खानापूरचा फोन आला की मराठी समजणारं माणूस समोर असावं, आणि आरोग्य केंद्रांच्या भिंतीवरच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही असाव्यात. पट्टा चार बोटांवर बांधायचा की सांध्यावर, हे वाचताना अडखळायला वेळ नसतो.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या तालुक्यात फौजी काही कमी नाहीत. १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात आहे आणि सीमाभागातल्या गावागावांत निवृत्त जवान आहेत. फर्स्ट फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जवानाजवळची जखमेवर बांधायची तयार पट्टी, प्रत्येकाने हाताळलेलं आहे, पट्टा प्रत्येकाने आवळलेला आहे. त्यांनी आपापल्या गावात पुढे यावं. गणेश मंडळांनी, तालमींनी, स्वसहाय्य गटातल्या बायकांनी बोलवावं. मी माझ्या परीने जांबोटी भागातल्या कुठल्याही गावात यायला तयार आहे, मानधन नको, जेवण नको. सुगी सुरू व्हायच्या आधी बोलवा. येणाऱ्याने आपापल्या घरचा एक जुना सुती टॉवेल आणि वीतभर लांबीची काठी घेऊन यावं. दुसऱ्याच्या मांडीवर बांधून बघितल्याशिवाय मी कोणाला घरी सोडणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार (नर्सिंग असिस्टंट), आर्मी मेडिकल कोअर
ता. खानापूर, जि. बेळगाव